बहिणींचे जाबिर (रजि.)

हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचे नाव, वाचकहो, आपण जुमाच्या खुत्ब्यात कित्येकदा ऐकले असेल. हदीसच्या ग्रंथांत त्यांच्याकडून आलेल्या रिवायतींची संख्या १५४० सांगितली जाते. हजाराहून अधिक हदीस पुढील पिढ्यांच्या स्वाधीन करणाऱ्या मोजक्या सहाबींत त्यांची गणना होते. मदरशातील विद्यार्थ्यांच्या ओठी त्यांचे नाव रोज असते, पण ते सनदीतील एक दुवा म्हणून. त्याच रिवायती एकदा निराळ्या नजरेने वाचून पाहा. नमाज, हज, व्यापार, वारसा यांचे नियम ज्या प्रसंगांतून निघाले, त्या प्रसंगांच्या मागे हळूहळू एक घर दिसू लागते. केस विंचरायच्या राहिलेल्या बहिणी, चुलीवरची हंडी, वडिलांच्या नावावरचे कर्ज, रेंगाळणारा उंट आणि या सर्वांच्या मधोमध विशीच्या उंबरठ्यावरचा एक तरुण. त्या तरुणाची ही हकीकत आहे.

ते मदीनेचे, अन्सारांपैकी. खजरज कबिल्यातील बनू सलिमा ही त्यांची शाखा मस्जिदे नबवीपासून बऱ्याच अंतरावर वस्ती करून होती. तेथेच त्यांचे घर आणि खजुराची बाग. वडील अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे कुळातील वजनदार गृहस्थ. इ.स. ६२२ मध्ये अकबाच्या घाटीत मदीनावासीयांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाती बैअत केली, तेव्हा नेमल्या गेलेल्या बारा नकीबांत ते होते. त्या रात्री वडिलांसोबत जाबिरही (रजि.) हजर होते, वयाने अगदी कोवळे. घरात हाताशी आलेला मुलगा हा एकच. बाकी साऱ्या मुली. मुली किती, याविषयी रिवायतींत नऊ, सात आणि सहा असे तिन्ही आकडे येतात. एका रिवायतीत तर नऊ किंवा सात असा विकल्प एकाच वाक्यात आहे. काहींची लग्ने होऊन त्या सासरी गेल्या असतील आणि काही घरी असतील, अशी संगती मुहद्दिसांनी लावली आहे. ती योग्यच आहे. पण ज्यांच्या घरी पाट मांडायला जागा पुरत नाही अशा वाचकांना हेही ठाऊक आहे की, घरात माणसे किती असे कोणी एकाएकी विचारले तर मोजताना एखादे बोट मागेपुढे होतेच.

बद्रच्या वेळी बापलेक दोघांनाही निघायचे होते. वडिलांनी मुलाला थांबवले. उहुदच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न आला. या मुलींना घरात एकही पुरुष नसताना सोडून जाणे आपणा दोघांनाही शोभणार नाही, असे वडिलांचे म्हणणे होते. एकाने राहायचे, तर ते मुलाने राहावे. प्रेषितांसोबत रणात उतरण्याच्या बाबतीत मात्र आपण मुलाला स्वतःपुढे जाऊ देणार नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. एरवी सर्व काही मुलासाठी राखून ठेवणारा बाप येथे मात्र आपला हक्क सोडायला तयार नव्हता. आदल्या रात्री त्यांनी मुलाला जवळ बोलावले. उद्या पहिल्यांदा पडणाऱ्यांत आपण असू असे आपल्याला वाटते, हे सांगून त्यांनी दोन कामे त्याच्यावर सोपवली. आपल्यावरचे कर्ज फेडायचे आणि बहिणींशी नीट वागायचे. संपत्तीची वाटणी नाही, सूडाची भाषा नाही. हिशेब आणि लेकी, एवढेच त्यांच्या मनात होते.

३ हिजरीमधील त्या दिवशी (इ.स. ६२५) अब्दुल्लाह (रजि.) खरोखरच शहीद झाले. शत्रूने मृतदेहाची विटंबना केली होती. जाबिर (रजि.) चेहऱ्यावरचे वस्त्र दूर करून पुनःपुन्हा पाहत आणि रडत, लोक त्यांना आवरू लागले, पण प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले नाही. आत्याही आक्रोश करीत होत्या. जनाजा उचलला जाईपर्यंत फरिश्त्यांनी आपल्या पंखांची सावली त्याच्यावर धरली होती, हे प्रेषितांनीच (स.) त्या कुटुंबाला सांगितले. पुढे एकदा जाबिर (रजि.) यांना मान खाली घालून बसलेले पाहून प्रेषितांनी कारण विचारले. वडील गेले, मागे लेकरे आणि कर्ज ठेवून गेले, असे त्यांनी सांगितले. त्यावर, अल्लाहने त्यांच्या वडिलांशी पडद्याविना संवाद केला, ही वार्ता त्यांना मिळाली. इतकी मोठी वार्ता ऐकून तो तरुण घरी परतला असेल, तेव्हा घरात चूल पेटायची होती.

उहुदच्या दुसऱ्याच दिवशी शत्रूचा माग काढण्यासाठी हमराउल असदकडे कूच झाली. काल रणात होते त्यांनीच यावे, असा हुकूम होता. जाबिर (रजि.) यांनी पुढे होऊन आपली हकीकत मांडली. आपण भित्रेपणाने मागे राहिलो नव्हतो, बहिणींसाठी राहिलो होतो. त्यांना परवानगी मिळाली. उहुदमध्ये नसलेल्यांपैकी त्या मोहिमेत त्यांचाच समावेश झाला असे सीरतकार नोंदवतात. वडील गेल्यानंतर आपण प्रेषितांच्या (स.) एकाही मोहिमेतून मागे राहिलो नाही, हे ते म्हातारपणी अभिमानाने सांगत. अशा मोहिमा एकोणीस झाल्या.

तर मग घर कोणी सांभाळले? येथे त्यांच्या लग्नाची गोष्ट येते, आणि ती त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली आहे की सांगताना त्यांना किती आनंद होत असेल याची कल्पना येते. जातुर्रिकाच्या मोहिमेहून काफिला परतत होता. त्यांचा उंट थकून सर्वांच्या मागे पडला होता. प्रेषित (स.) मागे आले, उंटाला काठीने टोचले, दुआ केली, आणि तोच उंट असा चालू लागला की त्याला लगाम घालून मागे ठेवावे लागले. मग प्रेषितांनी तो विकत मागितला. सौदा थट्टेच्या सुरात सुरू झाला. पहिली बोली एक दिरहमची होती. एवढ्यात तर माझे नुकसान होईल, असे जाबिर (रजि.) यांनी मोकळेपणाने सांगितले. बोली चढत चढत एक उकिया चांदीपर्यंत गेली. मदीनेपर्यंत मात्र मीच त्याच्यावर बसून जाईन, ही अट घालायलाही ते विसरले नाहीत. किमतीच्या आकड्यात रिवायती भिन्न आहेत, आणि विक्रीत अट घालता येते की नाही या प्रश्नावर फकीहांनी या उंटाच्या आधारे पानेच्या पाने लिहिली आहेत. तो विषय आपण आज बाजूला ठेवू.

वाटेत बोलता बोलता प्रेषितांनी (स.) विचारले की, लग्न झाले का? झाले होते, नुकतेच. कुमारिका की पूर्वी संसार केलेली? पूर्वी संसार केलेली, हे उत्तर आले. तुझ्या वयाला हसण्याखेळण्याजोगी तरुण मुलगी का पाहिली नाहीस, असा प्रेमळ प्रश्न पुढे आला. जाबिर (रजि.) यांचे उत्तर वाचकांनी सावकाश ऐकावे. वडील मुली मागे ठेवून गेले आहेत. त्यांच्यात त्यांच्याच वयाची आणखी एक आणून सोडणे मला बरे वाटले नाही. मला अशी पत्नी हवी होती जी त्यांचे केस विंचरील, त्यांना एकत्र ठेवील, त्यांच्याकडे लक्ष देईल. प्रेषितांनी (स.) ही निवड योग्य ठरवली आणि त्यांना दुआ दिली.

केस विंचरणे हे शब्द त्यांचे स्वतःचे आहेत, आणि मला ते फार बोलके वाटतात. तरुण भावाला पाणी भरता येते, बागेत राबता येते, भांडण सोडवता येते. पण सात-आठ डोक्यांची वेणीफणी हे त्याच्या हाताबाहेरचे काम. घर चालवताना कोठे आपले हात तोकडे पडतात हे त्याने नेमके ओळखले होते आणि आपल्या सुखाची निवड त्या हिशेबाने केली होती. त्याच प्रवासात मदीना जवळ आल्यावर प्रेषितांनी (स.) सर्वांना थोडे थांबायला सांगितले. विस्कटलेल्या केसांच्या स्त्रियांना फणी फिरवायला अवधी मिळावा, घरी पूर्वसूचना पोहोचावी, हा हेतू होता. त्या सफरीत फणीचा उल्लेख असा दोनदा येतो.

इब्ने इस्हाक यांच्या सीरतमध्ये याच गप्पांचा आणखी एक धागा आहे. मदीनेबाहेर सिरार येथे मुक्काम करू, उंट कापू, म्हणजे आपण आल्याचे कळून घरी तुझी पत्नी गाद्या-तक्क्ये झटकून ठेवील, असे प्रेषित (स.) म्हणाले. आमच्याकडे कसले आले तक्क्ये, असे जाबिर (रजि.) उत्तरले. होतील, असे आश्वासन मिळाले. लग्नाच्या सुमारास नक्षीदार सतरंजीविषयीही असाच प्रश्न आणि असेच उत्तर झाले होते. पुढे दिवस पालटले आणि सतरंजी खरोखरच घरात आली. जाबिर (रजि.) यांना ती डोळ्यांसमोर नको वाटे, ते पत्नीला ती दूर करायला सांगत. तेव्हा त्या विचारीत की, तुम्हाला सतरंज्या मिळतील असे प्रेषितांनीच सांगितले नव्हते का? यावर मोठमोठ्या ताबिईंना हदीस शिकवणारे हे गृहस्थ निरुत्तर होत आणि सतरंजी जागच्या जागी राही. ही हकीकत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे, आणि ती सांगणारे स्वतः जाबिर (रजि.) आहेत.

उंटाचे पुढे काय झाले ते राहिलेच. घरी पोहोचल्यावर मामांना उंट विकल्याचे कळले आणि त्यांनी भाच्याला चांगलेच बोल लावले. घरी पाणी ओढायला तोच तर होता. सकाळी जाबिर (रजि.) उंट घेऊन मस्जिदीत गेले. हजरत बिलाल (रजि.) यांनी चांदी तोलली आणि पारडे झुकते ठेवून वर एक किरात अधिक दिले. ते पाठ फिरवून निघाले तोच त्यांना परत बोलावण्यात आले. आता उंट नाकारला जाणार की काय, अशी धास्ती त्यांच्या मनाला वाटली. प्रत्यक्षात उंटही त्यांचा आणि किंमतही त्यांचीच राहिली. एका भरल्या घराला मदत करायची, पण त्या घरातल्या तरुणाची मान खाली जाऊ द्यायची नाही, यासाठी प्रेषितांनी (स.) सबंध वाटभर सौदा केला होता. ते जादा दिलेले किरातभर नाणे जाबिर (रजि.) यांनी आपल्या थैलीतून कधीच निघू दिले नाही.

कर्जाचा पेच याहून बिकट होता. एका धनकोचेच तीस वसक खजूर देणे होते. एक वसक म्हणजे साठ साअ. मुदत मागितली, मिळाली नाही. प्रेषितांनी (स.) रदबदली केली, तीही मानली गेली नाही. धनको दारात उभे राहिले तेव्हा जाबिर (रजि.) यांच्या मनाची तयारी झाली होती. वडिलांची अमानत अल्लाहने फेडून घ्यावी. मग बहिणींकडे एक खजूरही न घेता परतावे लागले तरी आपण राजी आहोत. प्रेषित (स.) बागेत आले, झाडांमधून फिरले, बरकतीची दुआ केली आणि तोडणी करून मापून द्यायला सांगितले. त्या धनकोचे तीस वसक पूर्ण चुकते झाले आणि सतरा वसक शिल्लक राहिले. धावत जाऊन त्यांनी ही बातमी दिली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनाही ती सांगायला त्यांना पाठवण्यात आले. प्रेषित बागेत फिरले तेव्हाच आपण हे ओळखले होते, असे उमर (रजि.) म्हणाले. वडिलांनी सोपवलेल्या दोन कामांपैकी एक असे पार पडले.

या भेटीचा एक घरगुती भाग मुस्नद अहमदमध्ये आला आहे. पाहुणे येण्यापूर्वी जाबिर (रजि.) यांनी पत्नीला बजावले होते की, प्रेषितांना काही बोलून त्रास द्यायचा नाही. जेवण झाले, प्रेषित (स.) निघाले, आणि आडोशातून त्यांनी मान बाहेर काढून स्वतःसाठी व पतीसाठी दुआ मागितलीच. दुआ मिळाली. नंतर पतीने जाब विचारला तेव्हा त्यांनी उलट विचारले की, अल्लाहने आपल्या प्रेषितांना माझ्या घरी आणावे, त्यांनी परतही जावे आणि मी दुआसुद्धा मागू नये, असे तुम्हाला वाटले तरी कसे?

याच बाईंचे धैर्य खंदकच्या वेळी, ५ हिजरीमध्ये, दिसले. खंदक खणताना प्रेषितांनी (स.) भुकेने पोटाला दगड बांधलेला जाबिर (रजि.) यांनी पाहिला. परवानगी घेऊन ते घरी आले. घरात एक साअ, म्हणजे सुमारे तीन किलो जव आणि अंगणात वाढवलेले एक करडू, एवढाच साठा. त्यांनी करडू कापले, पत्नीने जव दळले. निघताना पत्नीने ताकीद दिली की, लोकांसमोर माझी फजिती करू नका. कोणत्याही गृहिणीला ही ताकीद समजेल. म्हणून त्यांनी प्रेषितांच्या (स.) कानात हळूच सांगितले की, आपण आणि सोबत थोडी माणसे या. प्रेषितांनी (स.) मोठ्याने सबंध खंदकाला हाक दिली की, जाबिरने जेवण केले आहे, चला! आपण येईपर्यंत हंडी उतरवू नका आणि भाकरी लावू नका, असेही सांगितले.

पुढे जाबिर (रजि.) आणि मागे खंदकातील सारे लोक, अशी ती वरात घराकडे निघाली. दारात पत्नीने पतीला जे ऐकवायचे ते ऐकवले. त्यांनी, तू सांगितलेस तसेच मी केले, अशी बाजू मांडली. एका रिवायतीत त्यांनी एवढेच विचारले आहे की, जेवण किती आहे ते प्रेषितांनी तुम्हाला विचारले होते का? होय म्हणताच त्या निर्धास्त झाल्या. काळजी ज्याची त्याने घेतली आहे, हे त्यांनी पतीच्या आधी ओळखले. भाकरी तोडून, वर मांस घालून वाढणे सुरू झाले. हजार माणसे जेवली. हंडी तशीच उकळत होती आणि पिठाच्या भाकरी होतच होत्या. शेवटी घरच्या बाईंना आदेश मिळाला की, तुम्ही खा आणि शेजारीपाजारीही पाठवा, कारण लोक उपाशी आहेत.

आता त्या दुसऱ्या सोपवलेल्या कामाविषयी. जाबिर (रजि.) एकदा फार आजारी पडले, शुद्ध हरपली. प्रेषित (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) पायी चालत बनू सलिमाच्या वस्तीत आले, वुजूचे पाणी शिंपडल्यावर त्यांना शुद्ध आली. डोळे उघडताच त्यांनी काय विचारावे? माझ्या मालमत्तेचे काय करू? वडील नव्हते, त्या वेळी मूलबाळ नव्हते. मागे होत्या त्या बहिणी. अशा मृताला फराइजच्या परिभाषेत कलाला म्हणतात. त्याच्या बहिणींचा हक्क सूरह निसाच्या १७६ व्या आयतीत ठरला. या आजारात तू जाणार नाहीस आणि तुझ्या बहिणींना दोन तृतीयांश आहेत, हे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले. ही आयत माझ्या बाबतीत उतरली, असे ते पुढे सांगत.

या ठिकाणी मी इमाम म्हणून थोडा थांबतो. बापाच्या मिळकतीत लेक म्हणून आणि निपुत्रिक भावाच्या मिळकतीत बहीण म्हणून स्त्रीचा वाटा कुरआनने आकड्यात सांगितला आहे. तरीही हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत आपल्या वाड्या-गावांत, नमाजी घरांतही, रुळलेली आहे. बहिणीने खुशीने सोडले असे म्हणतात. नाही म्हटले तर माहेर तुटेल हे तिला ठाऊक असते, त्याला खुशी म्हणावे काय? जाबिर (रजि.) यांच्याकडे कोणी बहीण मागायला आली नव्हती. तापातून डोळे उघडल्यावर त्यांनी स्वतः विचारले होते.

उत्तरायुष्याची हकीकत थोडक्यात सांगतो. एक हदीस अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्या तोंडून ऐकण्यासाठी त्यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभराचा प्रवास करून शाम गाठले. मस्जिदे नबवीत त्यांचा दर्सचा हलका भरे. चादर खुंटीवर असताना एकाच वस्त्रात नमाज पढताना पाहून कोणी आक्षेप घेतला, तर तुझ्यासारख्या अडाण्याला कळावे म्हणूनच तसे केले, असे सांगण्याइतका तिखटपणा त्यांच्यात होता. ६३ हिजरीमध्ये हर्राच्या दिवशी शामच्या सैन्याने मदीना लुटली, तेव्हा थैलीतले ते किरातही गेले. म्हणजे सहा दशके ते त्यांच्याजवळ होते. पुढे दृष्टी गेली. ७८ हिजरीच्या सुमारास (इ.स. ६९७), नव्वदी ओलांडल्यावर, मदीनेतच त्यांचे निधन झाले.

त्या अंधत्वाच्या काळात काही मंडळी त्यांच्या भेटीला गेली. ते एकेकाचे नाव विचारीत होते. हजरत हुसैन (रजि.) यांचे नातू मुहम्मद बिन अली, जे पुढे इमाम बाकिर म्हणून ख्यात झाले, तेव्हा तरुण होते. त्यांचे नाव ऐकताच जाबिर (रजि.) यांनी हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला, सदऱ्याचे वरचे बटण सोडले, खालचे सोडले आणि तळहात छातीवर टेकवला. पुतण्या म्हणून स्वागत केले आणि जे विचारायचे ते विचार, असे सांगितले. इतक्यात नमाजची वेळ झाली. अंगावरचे वस्त्र इतके तोकडे होते की खांद्यावर टाकले की त्याची टोके घसरून येत. मोठी चादर बाजूला टांगलेली होती. तशाच वेषात त्यांनी सर्वांना नमाज पढवली. मग त्या तरुणाने प्रेषितांच्या (स.) हजविषयी विचारले. जाबिर (रजि.) यांनी बोटे मिटून नऊ हा आकडा दाखवला, मदीनेत आल्यावर प्रेषित नऊ वर्षे हजला गेले नव्हते, आणि तेथून सुरुवात करून त्यांनी सारी हकीकत सांगायला घेतली.